कालव्याच्या रस्त्यावरची मोजणी

मीत शरफ,
९ ऑक्टोबर २०२२

चि. शुरूकला अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून फोन करत बसू नकोस. फोनवर तू ओरडतेस, मी ऐकू आल्यासारखं करते आणि शेवटी दोघींनाही काही कळत नाही. कानातलं ते यंत्र घातलं की मला भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो, माणसांचा नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी, की आमच्या कालव्याच्या रस्त्यावरच्या झाडांना चुन्याचे पट्टे मारून गेले. कालवा बुजवून साठ वर्षं झाली, तरी रस्त्याचं नाव तेच, आणि दुभाजकावरची फायकसची झाडंही तेव्हापासूनची. आता दुभाजक जाणार, झाडं जाणार आणि दोन्ही बाजूंच्या मिळून सहा पट्ट्या होणार, अशी मोठी पाटी लागली आहे. पाटीवर गुळगुळीत रस्ता आहे, निळ्या गाड्या आहेत, माणूस एकही नाही.

गल्लीत दोन तट पडले आहेत. खालच्या औषधाच्या दुकानाचे डॉक्टर सामेह खूश आहेत. त्यांच्या सासऱ्यांना नेणारी रुग्णवाहिका रेल्वे फाटकापाशी पाऊण तास अडकली होती. सासरे वाचले, पण त्यांचं अर्धं अंग गेलं. झाडांची सावली तुम्हीच ठेवा, मला रस्ता द्या, असं ते म्हणतात. त्यांना मी काय उत्तर देणार? उम्म वगदी चोवीस वर्षं दुभाजकातल्या फटीशी जिरजीर आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसते. तिचं म्हणणं, रस्ता रुंद करा नाहीतर समुद्रापर्यंत न्या, मी बसू कुठे तेवढं सांगा.

माझा प्रश्न तिच्याहून साधा आहे. आम्हा सगळ्यांची घरं रस्त्याच्या अलीकडे. मुलींची शाळा, दवाखाना, रोटीची भट्टी, मशीद पलीकडे. आजवर दुभाजकातल्या त्या एका फटीतून ओलांडत आलो. उद्या कुठून ओलांडायचं? पालिकेत जाऊन विचारलं, तर कारकून म्हणाला कैरोला विचारा. कैरोची रस्त्यांची कचेरी म्हणजे तूच की! गेल्या रमझानमध्ये रहदारीच्या मोजणीला त्या दोन मुली तूच पाठवल्या होत्यास. तेव्हा बाशमुहंदिसा, इंजिनिअरबाई, सांगा आता.

अठरा तारखेला लोकांचं मत ऐकण्यासाठी सभा आहे. आधी चुना, मग मत. माझ्या भूगोलाच्या वर्गात कुणी असं उलट्या क्रमाने लिहिलं असतं तर मी कोपऱ्यात उभं केलं असतं.

त्या दोघी कशा आहेत? बसंतचं लग्न ठरलं का?

माझी माया तुझ्यावर आहेच. तुझी निदान महिन्याला एका पत्राएवढी राहू दे.

तुझी,
इनायात खाला


कैरो,
१४ ऑक्टोबर २०२२

ती. खालास सा. सलाम वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रस्त्याचा आराखडा आमच्या कचेरीतल्या दुसऱ्या विभागाने केला आहे. माझ्याकडे फक्त मोजणी होती. एकूण चार ठिकाणं होती, त्यांतलं तुमचं एक.

गर्दीच्या वेळी बस थांब्यापासून रेल्वे फाटकापर्यंतच्या सव्वातीन किलोमीटरला सरासरी एकेचाळीस मिनिटं लागतात. डॉक्टर सामेह चुकीचं बोलत नाहीत. रस्ता रुंद होणं आवश्यक आहे, असं मलाही आकड्यांवरून वाटतं.

ओलांडण्याबद्दल. सर्वांत गर्दीच्या तासात दोनशे किंवा त्याहून जास्त माणसं एका ठिकाणी रस्ता ओलांडत असतील तर तिथे सिग्नल द्यावा, असं आमच्या नियमावलीत आहे. तुमच्या फटीपाशी एकसष्ट मोजली गेली. म्हणून सिग्नल नाही. पादचारी पूल रेल्वे फाटकाजवळ होईल. तुझ्या दारापासून तो सहाशे चाळीस मीटर आहे. तुझ्या गुडघ्यांना हे अंतर जास्त आहे हे मला माहीत आहे, पण एका घरासाठी नियम बदलत नाही. सभेत बोलायचं असेल तर पुलाला उतार आणि कठडा मागून घे. ते मिळण्यासारखं आहे.

यंत्राच्या बॅटरीच्या चार जोड्या पाठवत आहे. भांडी घासताना घालू नकोस, रस्त्यावर घाल.

बसंतचं ठरलं होतं, मोडलं. तिला त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही. इस्राला कुवेतमध्ये काम मिळालं. दोघींचे मोजणीचे कागद नीट होते, कुठेही खाडाखोड नव्हती.

मी बरी आहे. जेवते. हे तू विचारायच्या आधीच लिहिलं.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
शुरूक


मीत शरफ,
२१ ऑक्टोबर २०२२

चि. शुरूकला अ. उ. आ.

बॅटऱ्या मिळाल्या. यंत्र घालून सभेला गेले आणि पस्तावले, कारण सगळं ऐकू आलं.

दोनशे खुर्च्या होत्या, माणसं त्याच्या दुप्पट. डॉक्टर सामेह आधी बोलले, रुग्णवाहिकेचं सांगताना त्यांचा आवाज फाटला. झाडं वाचवा म्हणून आलेल्या कॉलेजच्या मुलांनीही फलक खाली घेतले. मग एक मायक्रोबसवाला उठला आणि म्हणाला की रस्ता रुंद झाला तरी फाटक रुंद होणार आहे का, आम्ही तिथेच जाऊन तुंबणार, फक्त लवकर जाऊन तुंबणार. यावर हशा झाला. सभा घेणारे साहेबही हसले.

मी उतार आणि कठडा मागायला उभी राहिले होते. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ओलांडण्याचं विचारलं आणि साहेबांनी तुझा आकडा वाचला. एकसष्ट. शुरूक, सभागृह असं हसलं की मला यंत्र काढावं लागलं. शाळेत सातशे मुली आहेत. बाईंनी विचारलं की उरलेल्या उडून जातात का. तो मायक्रोबसवाला म्हणाला की सकाळचा चहा पोटात जायच्या आधीच एकसष्ट जणांसाठी मी ब्रेक मारलेला असतो. साहेब म्हणाले की मोजणी शास्त्रीय आहे, आणि पुढचं पान उलटलं.

कुणीतरी मागून ओरडलं की मोजणाऱ्या पोरी चुकार असतील. ते मात्र मी चालू दिलं नाही. उभी राहून सांगितलं की त्या कशा बसल्या हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुलाही सांगते. पहिल्या दिवशी दोघी फूटपाथवर उन्हात होत्या, रोजा धरलेला, ओठ पांढरे पडलेले. अर्ध्या तासाने मला राहवलं नाही. खाली जाऊन वर घेऊन आले, गॅलरीत दोन खुर्च्या टाकून दिल्या. सहाही दिवस तिथून हलल्या नाहीत. एक नमाजाला आत गेली की दुसरी मोजत बसायची. इफ्तार माझ्याकडेच व्हायची, आणि तेसुद्धा काम संपल्यावर. इतक्या गुणी पोरी. तेव्हा चूक असलीच तर ती तुमच्या कैरोच्या संगणकात शोध.

उताराचं आणि कठड्याचं बोलायचं राहूनच गेलं.

तुझ्या आठवणीत मला जागा असू दे. माझ्याकडे तुझी पक्की आहे.

इनायात खाला


कैरो,
२५ ऑक्टोबर २०२२

ती. खालास सा. सलाम वि. वि.

हे पत्र वाचून झाल्यावर कपाटात ठेव.

त्या खुर्च्या गॅलरीत नेमक्या कुठे होत्या? फाटकाच्या बाजूला की शाळेच्या बाजूला? त्याच जागी, तशाच खुर्चीवर, दुपारी एक ते दोन, म्हणजे मोजणीतल्या सर्वांत गर्दीच्या तासाला बस. तिथून गाड्यांच्या रांगा दिसतात का? दुभाजकातली फट दिसते का? फटीतून जाणारी माणसं दिसतात का?

दिसेल तेवढंच लिही. मला बरं वाटावं म्हणून काही वाढवू नकोस, कमीही करू नकोस. तोपर्यंत याबद्दल कुणाशी बोलू नकोस.

त्या सहा दिवसांत मी स्वतः मीत शरफला आले नव्हते, हे तुला आठवत असेल.

इथे सर्व ठीक.

तुझी,
शुरूक


मीत शरफ,
३० ऑक्टोबर २०२२

चि. शुरूकला अ. उ. आ.

बसले. खुर्च्या फाटकाच्या बाजूला होत्या, कारण दुपारी सावली तिकडे असते. तिथून गाड्यांच्या रांगा लख्ख दिसतात, अगदी नंबरासकट. फट दिसत नाही. मधे तीन फायकस आहेत आणि त्यांचा पसारा दुसऱ्या मजल्याच्या बरोबर समोर येतो. झाडाखालून कोण गेलं ते कळत नाही. फटीपर्यंत न जाता अलीकडूनच तिरके पळणारे काही जण तेवढे दिसतात. एका तासात ते सत्तावन्न झाले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला खाली जाऊन उम्म वगदीशेजारी बसले. डाव्या खिशात वालाच्या बिया भरल्या होत्या, माणूस ओलांडला की एक बी उजव्या खिशात. घरी येऊन मोजल्या. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

सोबत नकाशा आहे. गॅलरी, खुर्च्या, झाडं, फट आणि खुर्चीवरून डोळ्यांची रेघ कुठे अडते ते दाखवलं आहे. अंतरं टेपने मोजली आहेत. उत्तर दिशेचा बाणही आहे, हसू नकोस.

चाळीस वर्षं मी वर्गात सांगत आले की पाहणारा कुठे उभा आहे ते आधी विचारा, आणि माझ्याच घरात मी ते विचारलं नाही. मला त्यांचे सुकलेले ओठ दिसत होते. बाकी काही दिसलं नाही.

आता दुसरी गोष्ट. मोजणी खोटी आहे असा अर्ज इथे फिरतो आहे. सह्यांसाठी सगळ्यांत आधी माझ्याकडे आणला, कारण निम्मी गल्ली माझ्या हाताखालून गेली. मी चष्मा सापडत नाही म्हटलं. चष्मा कपाळावर होता. अर्ज घेऊन आलेल्या मुख्याध्यापिकाबाई नुसत्या माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. पण मी सही कशी करू? मोजणी कुणाची विचारलं की तुझं नाव निघणार. तू कुठे बोलू नकोस. दोन वर्षं झाली नाहीत तुला तिथे लागून. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, तेव्हापासून मी एकच काम नीट केलं आहे, ते हातचं जाऊ देणार नाही. कधी विचारलंच तर म्हण की एका म्हातारीने मुलींना बळेच वर नेलं.

झाडं येत्या शनिवारी तोडणार आहेत. ती पडली की खुर्चीतून फट स्वच्छ दिसेल, मग कुणाला काही कळायचंही नाही.

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण मीच करते आहे.

इनायात खाला


कैरो,
१२ नोव्हेंबर २०२२

ती. खालास सा. सलाम वि. वि.

नकाशा मिळाला. प्रमाण तपासलं, एकास दोनशे बरोबर येतं. असा नकाशा आमच्याकडे फार तर तिघांना काढता येईल.

झाडं तोडल्याचं कळलं.

मी इंजिनिअर रऊफना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, तोंडी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मोजणी स्वीकारली गेली आहे, आराखडा मंजूर आहे, रस्ता सुरू झाल्यावर वर्षाने फेरमोजणी होतेच, असं ते म्हणाले. प्रत्येक मोजणीत कुठेतरी एक खुर्ची असतेच, असंही म्हणाले. ते वाईट नाहीत. जानेवारीत इंजिनिअर म्हणून माझ्या कायम नोंदणीचा निर्णय आहे आणि तिच्यासाठी त्यांची शिफारस लागते, याची त्यांनी आठवण करून दिली नाही. मला ती होतीच.

एक गोष्ट तुला चुकीची वाटते आहे, ती दुरुस्त करते. मुलींना तूच पहिल्यांदा वर नेलं असलंस, तरी गरज पडली तर माझ्या खालाचं घर समोरच आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मोजणीच्या कागदावर खाली एक ओळ असते, जागेची पाहणी मी स्वतः केली, आणि त्याखाली सही. सही माझी आहे. पाहणी मी केली नव्हती. बाकीच्या तीन ठिकाणी गेले, तुमच्याकडे नाही, कारण ती जागा मला लहानपणापासून माहीत आहे असं मी धरलं. पाहुणचाराची ओळ त्या कागदावर नाही. पाहणीची आहे.

आणखी एक. रमझानमध्ये वाहनं कमी असतात म्हणून त्यांचा आकडा आम्ही एका ठरावीक गुणकाने वाढवतो. पायी चालणाऱ्यांना गुणक लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही.

मी अजून लेखी काही दिलेलं नाही.

माझ्याकडे दुसरी खोली रिकामी आहे. इमारतीला लिफ्ट आहे, भट्टी आणि दवाखाना याच बाजूला आहेत. रस्ता सुरू होण्याआधी तू इकडे यावंस. हे मी सोय म्हणून लिहीत आहे.

माया असू दे.

तुझी,
शुरूक


मीत शरफ,
१९ फेब्रुवारी २०२३

चि. शुरूकला अ. उ. आ.

तीन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. यायचं नव्हतं आणि नाही म्हणवतही नव्हतं. नोंदणी झाल्याचं तुझ्या भावाकडून कळलं. अभिनंदन.

रस्ता एक फेब्रुवारीला सुरू झाला. चांगला झाला आहे, खोटं कशाला बोलू. फाटकापर्यंत सहा मिनिटं लागतात. डॉक्टर सामेहनी दुकानात रव्याचा गोड बसबूसा वाटला.

आपल्याकडे रस्ता ओलांडायचा म्हणजे हात पुढे करायचा आणि येणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. त्याने पाहिलं की आपण पाऊल टाकायचं. मला ऐकू येत नाही तरी मी अशी सगळा जन्म ओलांडत आले. पण त्यासाठी गाडी डोळे दिसण्याइतकी हळू यावी लागते. आता काच दिसते आणि काचेत आभाळ. तीन पट्ट्या पार केल्या की पूर्वी मधे थांबायला दुभाजक होता, आता एक रंगवलेली रेघ आहे. पुलावरून मी दोनदा गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा अंथरुणात होते. मुली पुलावरून जातच नाहीत, हात धरून दहा-दहांच्या साखळीने पळतात.

पंधरा तारखेला, दुपारी पावणेदोनला, उम्म वगदी टोपली घेऊन अलीकडे येत होती. दुभाजक गेल्यापासून ती पलीकडच्या फूटपाथवर बसायची. मायक्रोबसने तिला उडवलं. कंबरेचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या आहेत. जगेल. पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. शाळा नुकतीच सुटली होती, सगळ्या मुलींनी पाहिलं. बसवाला सभेत हसवणाराच. फूटपाथवर डोकं धरून बसला होता, त्याला उठवायला दोघे लागले.

मी रोज कुणाचा तरी हात धरून पलीकडे दवाखान्यात जाते. काल ती म्हणाली की चालवणाऱ्यावर माझा राग नाही, त्याला दिसले नाही तर तो काय करेल. मला भेटायचंय, म्हणाली, ज्याने मोजलं त्याला. मी संत्रं सोलत होते. सोलतच राहिले.

शुरूक, ऑक्टोबरमध्ये मी तुला बोलू नकोस असं लिहिलं होतं. ते मी मागे घेते. तुला भीती घालत नाही आणि दोषही देत नाही. लोकांचं मत मागतात ना, हे माझं मत आहे.

कैरोला मी येणार नाही. माझं घर इथे आहे आणि त्या घराच्या गॅलरीने जे केलं ते इथेच आहे.

माझी माया यात कमी-जास्त झालेली नाही.

इनायात खाला


कैरो,
२४ फेब्रुवारी २०२३

ती. खालास सा. सलाम वि. वि.

सोबत अर्जाची प्रत आहे. हे पत्र परवानगी मागण्यासाठी नाही. काल सकाळी दहा वाजता एक प्रत आमच्या कचेरीत आणि एक राज्यपालांच्या कार्यालयात नोंदवून दिली. पोच माझ्याकडे आहे.

अर्जात एवढंच आहे, की मीत शरफच्या कालव्याच्या रस्त्यावरची पादचारी मोजणी चुकीच्या जागेवरून झाली, पाहणी न करता मी पाहणीची सही केली, आणि म्हणून एकसष्ट हा आकडा कोणत्याही निर्णयाला आधार धरू नये. फेरमोजणी रस्त्यावर उभं राहून व्हावी, ती रमझान सुरू होण्याआधी व्हावी, आणि तोपर्यंत शाळेच्या वेळेत तिथे पोलीस असावा. तुझा नकाशा परिशिष्ट म्हणून जोडला आहे. झाडं आता नसल्यामुळे दुसरा पुरावा नाही.

तुझं नाव आणि घर क्रमांक बावीस त्यात आहे. ते वगळून मी तीनदा लिहून पाहिलं. वगळलं की मुली झाडाआड का बसल्या याचं कारण राहत नाही आणि सगळा दोष त्या दोघींवर जातो. तसं करणं बरोबर नव्हतं. कागद पालिकेत पोहोचेल तेव्हा गल्लीत सर्वांना कळेल. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता बसंतबरोबर पाठवत आहे. तिला चहा दे. ती स्वतःहून निघाली आहे.

इंजिनिअर रऊफनी मला या कामावरून काढलं. नोंदणी चौकशी होईपर्यंत स्थगित आहे. दोन्ही नियमाला धरून आहेत.

उम्म वगदींना मला भेटायचं असेल तर मी येईन. त्यांना भेटायचं नसेल तर तेही समजू शकते.

हे नोव्हेंबरमध्ये लिहिलं असतं तर. हे वाक्य मी बरेच दिवस पुरं करून पाहते आहे.

राग आला तर तो पत्रात लिही, पण पत्र लिही.

तुझी,
शुरूक


मीत शरफ,
५ मार्च २०२३

चि. शुरूकला अ. उ. आ.

बसंत आली, चहा घेतला, रडली, मग दोन वेळा जेवली. ती जिन्यात असतानाच मी ठरवलं की पालिकेच्या तोंडून गल्लीला कळू द्यायचं नाही. संध्याकाळी डॉक्टर सामेहच्या दुकानापुढे सगळे असतात, तिथे जाऊन मीच तुझा अर्ज वाचून दाखवला. माझं नाव आलं तिथे जरा मोठ्याने वाचलं.

मुख्याध्यापिकाबाई अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे, मी त्यांच्यासमोर चष्मा शोधला होता. भट्टीवर रांगेत एकीने मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने म्हटलं की मास्तरीणबाईंच्या पाहुणचारापायी गाव मेलं. यंत्र कानात होतं. दोन दिवस डॉक्टर सामेहनी माझ्या गोळ्या नोकराबरोबर वर पाठवल्या. तिसऱ्या दिवशी स्वतः आले, गॅलरीत गेले, खुर्चीवर बसले, बराच वेळ बसले. जाताना म्हणाले की रुग्णवाहिकेचा रस्ता मागताना ती माणसं पलीकडे कशी जाणार, हे त्यांनीही विचारलं नव्हतं.

उम्म वगदीला मी दवाखान्यात जाऊन सांगितलं. सगळं, संत्र्यासकट. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, "त्या पोरींना रोज्याच्या उन्हात तसंच बसू दिलं असतंत ना इनायातबाई, तर मीच तुम्हाला शिव्या घातल्या असत्या." मग म्हणाली की तुमच्या भाचीला यायला सांगा, पण आत्ता नको, मला आधी बसता येऊ दे. पडून कुणाशी भांडता येत नाही.

एक ते तीन या वेळात पोलीस उभा राहतो. तरुण आहे, मुलींना बघून लाजतो, पण हात वर करतो आणि गाड्या थांबतात. फेरमोजणीचा कागद कालच आला. रविवारी, बारा तारखेला, दोन्ही फूटपाथवर. पालिकेची दोन माणसं मोजणार, आणि पहिली मोजणी जिच्या सहीची, तिने जागेवर हजर राहून आकड्याखाली सही करावी, असा हुकूम आहे. तुला तो मिळाला असेलच.

आता इथलं ऐक. कागद आल्यापासून गल्ली पेटली आहे. डॉक्टर सामेह त्या दिवशी सहा वेळा रोटी आणायला जाणार म्हणतात. तो बसवाला त्याच्या गावाहून दोन गाड्या भरून चुलत-मावस भावंडं आणायला निघाला होता, दिवसभर इकडून तिकडे चालवायला. तिसऱ्या मजल्यावरची नवरी तर बाळाला दोनदा मोजतील का विचारत होती. मी घरोघर फिरून सगळ्यांना बजावलं आहे. ज्याला काम असेल त्यानेच ओलांडायचं, रोजच्यासारखं, रोजच्या वेळेला. भांडले माझ्याशी. म्हणाले, त्यांनी इतकी माणसं गाळली, आम्ही चार घातली तर काय बिघडलं. मी म्हटलं की त्या आकड्याखाली माझी मुलगी सही करणार आहे.

शेवटी ऐकलं. मनापासून की माझ्या वयाकडे बघून, ते रविवारी दिसेल.

तेव्हा ये. दोनशेच्या वर जाईल की नाही, गेल्यावर ते सिग्नल देतील की आणखी एखादा नियम काढतील, मला माहीत नाही. तूही आधीच काही सांगू नकोस. आम्ही आहोत तेवढेच मोज.

तुझी,
इनायात खाला